शेवटच्या दिवसाचा डाव

पिंगुळीसारख्या चित्रकथींच्या गावात क्रिकेटच्या इतिहासावर काय बोलावयाचे, असे कोणास वाटेल. परंतु पोथीतील चित्रे उलटताना कथेकऱ्याला रात्र किती उरली आणि चित्रे किती उरली, याचे भान ठेवावे लागते. पाच दिवसांच्या कसोटी सामन्याच्या शेवटच्या दिवशी कर्णधाराला नेमके हेच करावयाचे असते. फरक इतकाच की, कथा संपेपर्यंत श्रोते थांबतील. घड्याळ थांबत नाही. जिंकण्यास निघालेल्या संघाला त्या दिवशी दोन प्रतिस्पर्धी असतात, समोरचे अकरा खेळाडू आणि वेळ. यांपैकी दुसऱ्याचा विसर पडला म्हणजे काय होते, हे आम्ही तीन सामन्यांच्या आधारे पाहू.

पहिला सामना फेब्रुवारी 1949 मधला, मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवरचा. वेस्ट इंडीजने मद्रासची कसोटी जिंकून मालिकेत आघाडी घेतली होती. भारताने तोवर एकही कसोटी जिंकली नव्हती. तो मान 1952 साली मिळावयाचा होता. अशा स्थितीत विजयासाठी 361 धावा हव्या होत्या. त्या काळी असे लक्ष्य दिसले की संघ सामना वाचविण्याच्या मार्गास लागत. भारताने तसे केले नाही. रुसी मोदींनी 86 धावा केल्या, सांगलीच्या विजय हजाऱ्यांनी 122. पुढे कोल्हापूरचे दत्तू फडकर ठामपणे उभे राहिले.

विजय जवळ येऊ लागला तसा वेस्ट इंडीजने दुसराच डाव टाकला. चेंडू फलंदाजाच्या आवाक्याबाहेर पडू लागले आणि षटके रेंगाळू लागली. नियमाने यास मनाई नव्हती, कारण शेवटच्या तासात अमुक षटके टाकलीच पाहिजेत, असे बंधन तेव्हा नव्हते. अखेर शेवटच्या षटकातील एक चेंडू शिल्लक असतानाच पंचांनी खेळ संपल्याचे जाहीर केले. धावा झाल्या होत्या आठ बाद 355. सहा धावा कमी पडल्या. पंचांच्या त्या घाईची चर्चा पुष्कळ झाली. पण ती क्षणाची चूक होती. वेळ खाण्याचा डाव मात्र विचारपूर्वक टाकलेला होता, आणि निकाल त्याने ठरविला, असे आमचे मत आहे.

दुसरा सामना त्याच मैदानावरचा, ऑक्टोबर 1964 चा, ऑस्ट्रेलियाविरुद्धचा. बापू नाडकर्णी व चंद्रशेखर यांनी दुसऱ्या डावात प्रत्येकी चार गडी बाद केले आणि भारतापुढे 254 धावांचे काम उरले. चौथ्या दिवशीच्या संध्याकाळी कर्णधार पतौडींनी नाडकर्णींना फलंदाजीस वर पाठविले. स्वतः पतौडी, विजय मांजरेकर आणि चंदू बोर्डे ही भरवशाची मंडळी सातव्या, आठव्या व नवव्या क्रमांकांवर राखून ठेविली. शेवटच्या दिवशी सहा बाद 122 अशी अवस्था झाली, तेव्हा या साठवणीचा उपयोग झाला. पतौडींनी 53 व मांजरेकरांनी 39 धावा काढल्या. बोर्डे 30 धावांवर नाबाद राहिले. दोन गडी राखून विजय मिळाला, आणि तो दिवस होता दसऱ्याचा!

हीच युक्ती नेहमी फळते काय? तिसरा सामना तसे सांगत नाही. सप्टेंबर 1979 मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर भारतास 438 धावा हव्या होत्या. सुनील गावसकर व चेतन चौहान यांनी 213 धावांची सलामी दिली. मग आपल्या कोकणातील राजापुरात जन्मलेले दिलीप वेंगसरकर गावसकरांच्या साथीस आले. एव्हाना शेवटच्या तासात वीस षटके टाकण्याचे बंधन आले होते. म्हणून इंग्लंडचा कर्णधार ब्रिअर्ली याने तो तास सुरू होण्यापूर्वीच षटकांची गती मंदावली. नियमाने एक दार लावले, तर डावपेच दुसऱ्या दाराने आत शिरले.

366 वर दुसरा गडी बाद होताच झटपट धावांसाठी कपिल देवला पुढे धाडले. तो शून्यावर परतला. मुरलेला विश्वनाथ मात्र मागे बसून राहिला. 221 धावा करून गावसकर बाद झाले, तेव्हा 49 धावा उरल्या होत्या. खेळ संपला तो आठ बाद 429 वर. नऊ धावा कमी पडल्या.

म्हणजे 1964 मध्ये अनुभवी फलंदाज मागे ठेवणे शहाणपणाचे ठरले आणि 1979 मध्ये तेच महागात पडले. पहिल्या वेळी वेळ पुरेसा होता आणि गडी जपावयाचे होते. दुसऱ्या वेळी गडी पुष्कळ होते आणि वेळ तुटपुंजा होता. टंचाई कशाची आहे हे ओळखून डाव टाकावा लागतो. आज दिवसाकाठी नव्वद षटकांचा दंडक आहे, षटके रेंगाळल्यास दंडही होतो. तरीही हा निवाडा कोणताही नियम कर्णधारासाठी करून देत नाही.

मात्र एक गोष्ट तिन्ही सामन्यांत समान आहे. तिन्ही वेळा भारताचे आठ गडी बाद झाले होते, म्हणजे पराभव दाराशी उभा होता. 1949 चा आणि 1979 चा सामना अनिर्णित राहिला, तरी लोक ते अद्याप आठवतात. हरण्याची तयारी ठेवल्यावाचून शेवटच्या दिवशी जिंकता येत नाही. आणि ती तयारी ठेवणाऱ्याचा अनिर्णित सामनाही इतिहासात जागा मिळवितो.