पूर्णेचं पाणी आणि ताटातली भाकरी

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वर हे गाव आहे आणि त्याच नावाचं धरण. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली पूर्णा नदी वरच्या अंगाला येलदरीला अडते, तिथे वीज तयार होते, आणि सोडलेलं पाणी सिद्धेश्वरला साठून कालव्यांनी हिंगोली, परभणी, नांदेडच्या शिवारांत जातं. १९६८ च्या सुमारास दोन्ही धरणं पूर्ण झाली. या भागातल्या चुलीचा इतिहास लिहायला बसलं, की त्याचे धरणाआधीचा आणि धरणानंतरचा असे दोन भाग आपोआप पडतात.

आधीच्या भागात ज्वारीच ज्वारी. सकाळी भाकरी आणि ठेचा, दुपारी शेतात भाकरी आणि कांदा, रात्री भाकरी आणि वरण. दाणे कमी असले की भरडून कण्या शिजवायच्या, पीठ आंबवून ताकातली अंबील करायची. उन्हाळ्यात कामावर निघालेल्या माणसाला तीच पेय आणि तीच न्याहारी. गव्हाची पोळी सणाला, भात पाहुण्याला. लग्नाच्या पंगतीत मात्र येसराची आमटी हवीच. भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची ही दाट आमटी मराठवाड्याबाहेर फारशी कोणाला ठाऊक नाही, हे या प्रांताचं दुर्दैवच म्हणायला हवं.

हे जेवण गरिबीचं होतं, पण एकसुरी नव्हतं. ज्वारीच्या तासांमध्ये तूर, मूग, उडीद पेरले जात. बांधाला अंबाडी असे. रब्बीत शेताच्या कडेने करडई लावत. तिच्या काट्यांमुळे जनावरं आत शिरत नसत, कोवळ्या पानांची भाजी होई आणि दाणे तेल्याच्या घाण्यावर जात. पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, पाथरी, तरोटा रानात फुकट मिळे. एका शेतातून धान्य, डाळ, तेल आणि भाजी असं अख्खं ताट निघायचं. जास्तीची ज्वारी गावाच्या पांढरीत खणलेल्या पेवात जाई, वाईट सालासाठी.

पण ती पेवं कायम भरलेली राहू दिली गेली नाहीत. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात संस्थानाने शेतकऱ्यांकडून सक्तीने लेव्हीचं धान्य घ्यायला सुरुवात केली, आणि त्या वसुलीचा राग पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरला. शिंदीचंही तसंच. शिंदीच्या रसावरचा अबकारी कर सरकारच्या तिजोरीचा मोठा आधार होता. म्हणून सत्याग्रहींनी गावोगाव शिंदीची झाडं तोडली. मराठवाड्याच्या स्वातंत्र्यलढ्यात कुऱ्हाड पेयाच्या झाडावर पडली, हे पुढच्या पिढ्यांना आवर्जून सांगण्यासारखं आहे.

धरण झालं त्याच दशकात, १९६४ साली, सीएसएच-१ हे ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं. गावात त्याला नुसतं 'हायब्रीड' म्हणत. उतारा भरपूर, पण खरिपाच्या शेवटच्या पावसात कणीस भिजलं की दाणा काळा पडे आणि भाकरीला ती जुनी गोडी नसे. मग १९७२ चा दुष्काळ आला. लोक खडी फोडायला गेले, तिथे सुकडी मिळाली. रेशनला अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळाली. ती खाल्लेली म्हातारी माणसं आजही तिचं नाव काढताना तोंड वाकडं करतात. तरी तिने जीव वाचवले.

कालव्याचं पाणी पोचलं तिथे गहू आला आणि सणाची पोळी रोजची झाली. ऊस आला, वसमतला पूर्णा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्यामागून हळद. लागवडीपासून काढणीपर्यंत नऊ महिने पाणी मागणारं हे पीक धरणाशिवाय इतकं वाढलंच नसतं. काढणीनंतर कंद शिजवायचे, वाळवायचे, पॉलिश करायचे आणि हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात न्यायचे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. या पिकाने घरं बांधली, मुलं शिकवली. मात्र घरच्या डब्यात हळद चिमूटभरच लागते. बाकी ताट विकत आणावं लागतं.

जलाशयाने नवे मासेही दिले. नदीत मरळ आणि झिंगे होतेच. धरणांत रोहू, कटला, मृगळ यांचं बीज सोडलं जाऊ लागलं आणि बाजाराच्या दिवशी मोठा मासा तुकड्यांनी मिळू लागला. औंढ्याच्या महाशिवरात्रीचा फराळही बदलला, मात्र धरणामुळे नव्हे. रताळी, भगर आणि कवठाची चटणी जुनी. साबुदाण्याचा उद्योग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तमिळनाडूतल्या सेलममध्ये वाढला आणि तिथून साबुदाणा इथल्या उपवासात शिरला. हळदीचं सेलम वाणही त्याच शहराचं नाव घेऊन आलेलं.

सर्वांत खोल बदल मात्र पाण्यामुळे नाही, सोयाबीनमुळे झाला. कोरडवाहू रानातही ते पसरलं. खरिपाची ज्वारी गेली, तिच्याबरोबर तासांतल्या डाळी गेल्या. तणनाशकाने तांदुळजा आणि पाथरीही मारली, कारण औषधाला ते तणच. करडईच्या तेलाच्या जागी सोयाबीनचं रिफाइंड आलं.

अलीकडच्या काळात ज्वारी कधी कधी गव्हापेक्षाही महाग झाली आणि शहरात तिचं कौतुक चाललंय. परभणीच्या कृषी विद्यापीठाने लोह आणि जस्त अधिक असलेलं 'परभणी शक्ती' हे वाण २०१८ मध्ये दिलं. पण काढणीला मजूर मिळत नाहीत, आणि शिवारात एकट्याचंच ज्वारीचं शेत असलं तर गावभरची पाखरं त्याच्यावरच उतरतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो असे दर लिहिले होते. त्या भरडधान्यात ज्वारी बसते. सरकारने ती याच शिवारातून हमीभावाने घेऊन याच गावांच्या रेशन दुकानांत नियमित दिली, तर चार शेतकरी मिळून पेरायला तयार होतील, आणि कडब्याअभावी विकावी लागणारी जनावरंही दावणीला राहतील.