२ मार्च १९३०
एकलहऱ्याहून नाशकात गेलो की मी काळाराम मंदिराच्या दारापाशी क्षणभर थांबतोच. २ मार्च १९३० ला बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथं दलितांच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो नेटानं चालवला. गंमत बघा, त्याच तारखेचं, कायदेभंगाचा इशारा देणारं गांधीजींचं पत्र व्हाइसरॉय आयर्विनकडे नेलं ते रेजिनाल्ड रेनॉल्ड्स या इंग्रज क्वेकर तरुणानं. क्वेकर म्हणजे शस्त्र न धरणारा ख्रिस्ती पंथ. सरकार उलथवायच्या कटात पडायचं नाही, पण मनाला न पटणारा हुकूमही पाळायचा नाही. शिक्षा मुकाट भोगायची. अमेरिकन क्रांतीत ते कुणाच्याच बाजूनं लढेनात, म्हणून १७७७ मध्ये फिलाडेल्फियातल्या काहींना व्हर्जिनियात हद्दपार केलं. रेनॉल्ड्स मात्र बंडखोराचा टपालवाला झाला. मला तोच जास्त आवडतो. काळारामाचा सत्याग्रह पुढं काही वर्षं चालला. दार काही उघडलं नाही.