संकेत लांबवण्याचा इतिहास : रत्नागिरीच्या रुळांवरून

संदेशयंत्रणेचा इतिहास बहुधा तार किती दूर गेली या मापाने सांगितला जातो. परंतु तारेच्या टोकाशी कोणी उत्तराची वाट पाहत असेल, तर अंतराइतकाच वेळेचाही प्रश्न उभा राहतो, ही गोष्ट रत्नागिरी जिल्ह्यातून जाणाऱ्या कोकण रेल्वेच्या कारभारात स्पष्ट दिसते.

क्षीण होत जाणाऱ्या संकेतावर तारयंत्राच्या काळातच उपाय सापडला होता. हिंदुस्थानात १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार सुरू झाली, आणि पुढे लांब पल्ल्यांच्या मार्गांवर ‘रिले’ कामी आला. या यंत्रात आलेला दुबळा प्रवाह केवळ विद्युतचुंबक हलवी आणि त्यासरशी दुसऱ्या बॅटरीचा ताजा प्रवाह पुढच्या तारेत सुटे.

२६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णत्वास गेलेला, रोहा ते ठोकूर असा सुमारे ७४० किलोमीटरचा कोकण रेल्वेचा मार्ग मुख्यतः एकेरी असल्याने तिथे दुसरीच अट महत्त्वाची ठरली. पुढच्या स्थानकाने ‘लाइन क्लिअर’, म्हणजे मार्ग मोकळा असल्याची कबुली, दिल्याखेरीज गाडी सुटत नाही. विचारणारा थांबतो, आणि उत्तर उशिरा आले तरी बिघडते ते केवळ वेळापत्रक. उक्षी आणि भोके यांच्या दरम्यानच्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यासारख्या ठिकाणी डोंगर रेडिओलहरी अडवतो. म्हणून स्थानकातील २५ वॅटचा बिनतारी संच आणि चालक-गार्डजवळचे वॉकी-टॉकी यांच्या जोडीला मार्गावर सरासरी दर किलोमीटरला आपत्कालीन संपर्काची सॉकेट बसवलेली आहेत. एकाच साधनावर विसंबायचे नाही, हा कोकणच्या पावसाने शिकवलेला व्यवहार होय.

संगणकाला उपकरणे जोडणाऱ्या, १९९६ साली आलेल्या यूएसबी पद्धतीत असा सोशिक स्टेशनमास्तर नाही. संगणक विचारतो आणि उपकरणाने लगेच उत्तर द्यायचे असते; यूएसबी २.० च्या सर्वाधिक वेगात ही मुदत दीड मायक्रोसेकंदाच्या आसपास आहे, त्यामुळे एका केबलची मर्यादा पाच मीटर ठरली, आणि केवळ संकेत जोरकस केल्याने ती फारशी ओलांडता येत नाही. नेटवर्कवरून चालणारा विस्तारक म्हणूनच जोडीने येतो : संगणकाकडील पेटी ‘अजून तयार नाही’ असे उत्तर स्वतःच देऊन संगणकाला थोपवून धरते, दरम्यान दूरची पेटी उपकरणाशी प्रत्यक्ष बोलून घेते. या दोन पेट्यांची आधी परस्परांशी ओळख करून द्यावी लागते, दोन्ही शक्यतो नेटवर्कच्या एकाच विभागात ठेवाव्या लागतात, आणि आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरील ठिकाण, आपोआप बदलणार नाही असा बांधून द्यावा लागतो. दूरच्या पेटीला वीजही बहुधा स्वतंत्र द्यावी लागते, कारण उपकरणाला लागणारा प्रवाह ती संगणकाकडून मिळवू शकत नाही.

इतके करूनही उशीर नाहीसा होत नाही, तो केवळ झाकला जातो. कळफलकाला किंवा छपाईयंत्राला त्याचे काही वाटत नाही. मात्र ठरावीक लयीत चित्रे पाठवणारा कॅमेरा गर्दीच्या नेटवर्कवर अडखळतो, कारण त्याच्यापुरते तरी उशिरा पोहोचलेले चित्र न पोहोचल्यासारखेच असते.