दसऱ्याआधीचा घोडा

वर्गात शिवकाल शिकवताना मी एक प्रश्न हटकून विचारतो. महाराजांच्या घोडेस्वाराच्या शिदोरीत काय असे? उत्तरे धडाधड येतात : भाकरी, कांदा, चटणी. मग मी विचारतो, ‘आणि त्याच्या घोड्यानं काय खाल्लं?’ वर्ग गप्प होतो. एकदा मागच्या बाकावरचा मंगळवेढ्याकडचा एक मुलगा म्हणाला, ‘कडबा खाल्ला असंल, सर.’ उत्तर बरोबर होते, पण अर्धे. तो कडबा कोणाच्या शेतातला, हा उरलेला अर्धा भाग. श्रोतेहो, आज आपल्याला त्याबद्दलच बोलायचे आहे.

लांबच्या घोडदौडीची तयारी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे तलवार, भाला, खोगीर येते. खरी तयारी त्याच्या चार महिने आधी, पागेत सुरू होई. मराठ्यांचे लष्कर दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडे, आठ महिने मुलूखगिरी करी आणि पावसाळ्याच्या तोंडाशी छावणीला परते. दसराच का? मुहूर्त तर होताच. पण आपण शेतकरी माणसे आहोत, आकाश पाहून कारण सांगू शकतो. नद्यांचे पाणी ओसरून उतार मिळू लागतात, चिखल वाळतो, माळावर गवत गुडघाभर असते आणि खरिपाचा दाणा घरात येऊ लागतो. घोड्याच्या पोटाचे पंचांग आणि धर्माचे पंचांग इथे एक झाले होते.

दूर उत्तरेला, मंगोलियाच्या गवताळ पठारावरही असेच पंचांग होते. तिथले घोडे उन्हाळ्याच्या गवतावर पुष्ट होत आणि शरद ऋतूत ते सर्वांत दमदार असत. चंगीजखानाचा स्वार एका घोड्यावर विसंबून निघत नसे. बरोबर तीन-चार मोकळे घोडे घेई आणि आळीपाळीने त्यांवर बसे. लांबच्या वाटेला लागण्यापूर्वी घोडा बांधून ठेवायचा, चारापाणी बेताने द्यायचे आणि सुटलेले पोट आवळून घ्यायचे, ही रीत तिथल्या पशुपालकांत आजही आहे. त्यांचे घोडे आपल्या भीमथडीच्या तट्टांसारखेच ठेंगणे नि काटक. बर्फ खुराने उकरून खालचे गवत खाणारे. पण एक फरक आहे, आणि तो लहान नाही. त्या पठारावर मैलोन् मैल बांध नाही, कुंपण नाही. आपल्याकडे गवताच्या काडीलाही धनी असतो.

आता आपली तयारी पाहू. शिवाजी महाराजांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार होते. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, शिलेदार आपला घोडा घेऊन येई. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे, आणि तेवढ्यांसाठी एक नालबंद व एक पखालजी. तलवारीला धार नसली तर एक वेळ निभेल, पण नाल निखळलेला घोडा दगडाळ मुलखात दोन दिवसांत लंगडतो. निघताना प्रत्येकाजवळच्या वस्तूंची यादी होई आणि परतल्यावर ती पुन्हा ताडून पाहत. जास्त निघाले तर ते सरकारजमा करावे लागे. बायका, बटकी, कलावंतिणी बरोबर घ्यायच्या नाहीत, असा सक्त हुकूम होता. ओझे कमी म्हणजे चाल जास्त, हा त्यातला एक हिशेब.

पहिल्या बाजीरावाची एक कथा सांगतात. त्याची तसबीर काढायला एक दरबारी चित्रकार पाठवला. त्याने जे पाहिले ते काढले : लगाम सैल सोडलेला, भाला खांद्यावर, अगाडी-पिछाडीचे दोर तोबऱ्यात कोंबलेले आणि स्वारी चालत्या घोड्यावर दोन्ही हातांनी कणसे चोळून दाणे तोंडात टाकते आहे. कथा खरी असो-नसो, सामान खरे आहे. सोलापूरकराला ते कणीसही ओळखीचे आहे. दाणा स्वाराला आणि ताटे घोड्याला, अशी एका पिकावर दोघांची सोय. पण श्रोतेहो, ते कणीसही कोणाच्या तरी रानातलेच!

पावसाळ्याच्या चार महिन्यांतले गणित तर आणखी कठीण. लहान चणीच्या एका घोड्याला दिवसाला सहा किलो वाळला चारा धरा. पंचवीस घोड्यांना दीडशे किलो झाला. एकशेवीस दिवसांना अठरा हजार किलो, म्हणजे अठरा टन. हजार घोड्यांची छावणी असेल तर सातशेवीस टन. वर हरभरा, हुलगे वेगळेच. हे सगळे आभाळ फुटण्याआधी साठवायचे नि कोरडे ठेवायचे.

हे गणित महाराजांच्या मनात किती पक्के होते, ते एका पत्रात दिसते. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या आसपासचे, चिपळूणकडच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना लिहिलेले हे पत्र. त्याचा आशय असा. पावसाळ्यासाठी दाणा-वैरण जमवली आहे. आताच मनमानी उधळाल तर ऐन पावसात काही उरणार नाही, घोडे मरतील, आणि ते तुम्हीच मारले असे होईल. मग तुम्ही गावात शिराल. कोणी कुणब्याचा दाणा आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजीपाला. जे कुणबी कसेबसे घर धरून राहिले आहेत ते परागंदा होतील, काही उपाशी मरतील, आणि त्यांना वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. तेव्हा जे हवे ते बाजारात जाऊन पैसे देऊन घ्या.

राजा एवढ्यावर थांबत नाही. कोणी गवताजवळ चूल पेटवील, कोणी चिलीम ओढील, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर जळती वात ओढून नेईल. गवताला आग लागेल आणि सारी पागा बुडेल. सिंहासनाधीश्वर होण्याच्या उंबरठ्यावर असलेला माणूस उंदराच्या तोंडातल्या वातीची काळजी करतो आहे!

एक गोष्ट मात्र दडवू नये. ही काळजी स्वराज्यातल्या कुणब्यासाठी होती. परमुलखात आठ महिने फौज तिथल्याच दाण्यावर आणि खंडणीवर जगे. गायी धरू नयेत, बायका-पोरे धरू नयेत, हे नियम तिथेही होते; पण दाणा जायचा तो जायचाच. तिकडचा शेतकरीही शेतकरीच होता.

हे पंचांग मोडले की काय होते? उदगीरची लढाई आटोपून सदाशिवरावभाऊ पतदूरहून, म्हणजे आजच्या परतूरहून, उत्तरेकडे निघाले ते १७६० च्या मार्चमध्ये. दसरा नव्हे, उन्हाळ्याचे तोंड. घोडे मोहिमेतून नुकतेच आलेले, बरोबर जड तोफा, बुणगे आणि यात्रेकरू. पुढे पाऊस आणि फुगलेल्या नद्या. ऑगस्टात दिल्ली हाती आली, पण नोव्हेंबरापासून पानिपतावर कोंडी झाली. रसद पोचवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. १४ जानेवारी १७६१ ला जे घोडे रणात उतरले ते उपाशी होते. पराभवाची कारणे पुष्कळ आहेत, सगळे खापर चाऱ्यावर फोडता येणार नाही. पण मला वाटते, आपल्या पुस्तकांत तोफांना जेवढी पाने मिळतात त्याच्या निम्मीही चाऱ्याला मिळत नाहीत.

शिक्षकमंडळींनी वैरणीचे ते गणित एकदा वर्गात घालून पाहावे. ज्यांच्या घरी बैल आहे त्या पोरांना विचारावे की दिवसाला किती पेंढ्या लागतात, आणि गंज कधी रचता. मग चिपळूणचे पत्र वाचून दाखवावे. पोरे पहिला प्रश्न विचारतील तो बहुधा उंदराबद्दल.