उन्हाळी टोमॅटो : फूलगळ, पाणी आणि ठिबक अनुदान
दिवसाचे तापमान 35 अंशांच्या वर गेले आणि रात्रीही गारवा राहिला नाही, की टोमॅटोचे परागकण निकामी होतात. झाड हिरवेगार दिसते, पण फुले गळतात. अशा वेळी युरिया वाढवू नका. पाला वाढेल, फळ धरणार नाही.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. जमीन कोरडी पडू देऊन मग एकदम भरपूर पाणी दिले, तर फळाला कॅल्शियम पोहोचत नाही आणि त्याचा खालचा भाग काळा पडतो. ही बुरशी नव्हे, त्यामुळे बुरशीनाशकावरचा खर्च वाया जातो. सकाळी थोडे, पण नियमित पाणी द्या. बुंध्याशी पाचट किंवा पेंढ्याचे आच्छादन करा. फळांवरची पाने काढू नका, नाहीतर उन्हाने फळांवर पांढरे चट्टे पडतात.

ठिबक संचासाठी ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना 55 टक्के, इतरांना 45 टक्के अनुदान आहे. काही राज्ये त्यात भर घालतात. ही टक्केवारी शासनाने ठरवलेल्या खर्चमर्यादेवर मोजतात, दुकानदाराच्या बिलावर नाही. महाराष्ट्रात अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करावा. पूर्वसंमती मिळेपर्यंत संच विकत घेऊ नका.