चंद्याची वही

मुंब्र्याच्या आमच्या मोहल्ल्यातल्या फुटबॉल टीमची एक वही होती. ती चाचा सांभाळत. डाव्या पानावर चंदा, उजव्या पानावर खर्च: बॉल, एंट्री फी, रेफ्रीचे पैसे, कल्याणला मॅच असली की सगळ्यांची लोकलची तिकिटं. उजवं पान नेहमी आधी भरायचं. उरलेलं चाचांच्या शिलाई दुकानाच्या गल्ल्यातून.

त्यांचा डोळा कूपरेजवर होता. आपला एखादा पोरगा कंपनीच्या टीमने उचलला तर घराला पगार लागेल. मुंबईत मोठा फुटबॉल म्हणजे कंपन्यांचाच. रेल्वे, बँका, गिरण्या टीम बाळगत आणि खेळाडू नोकरीला लागे. आमच्या गोलकीपरला एका कंपनीने ट्रायलनंतर सांगितलं, पुढच्या वर्षी ये. पुढच्या वर्षी ती टीमच राहिली नाही. तो आता रिक्षा चालवतो.

हे एकट्या त्याचं नशीब नव्हतं. महिंद्राची टीम 1962 ची. 2005-06 ला तिने नॅशनल लीग जिंकली आणि 2010 मध्ये कंपनीने ती बंद केली. यापुढे शालेय फुटबॉलकडे लक्ष देऊ म्हणाले. 2013 मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी आय-लीगबाहेर गेल्या, कारण क्लब परवान्याच्या अटींत कंपनीच्या टीमा बसत नव्हत्या. नियम मला चुकीचा वाटत नाही. पण कंपनीबाहेर उभं राहायला त्यांच्याकडे स्वतःचं काहीच नव्हतं. मुंबई एफसी 2007 ला निघाली, 2017 ला आय-लीगमधून खाली घसरली आणि गुंडाळली गेली.

चाचा यावर मोहम्मडन स्पोर्टिंगचं नाव काढत. कोलकात्याचा हा क्लब 1891 चा. 1934 ते 1938 सलग पाच वेळा कलकत्ता लीग जिंकली, 1940 ला मुंबईत येऊन रोव्हर्स कप नेला. चाचांना त्याचा अभिमान होता, आणि तो फक्त नावामुळे नव्हता. तो क्लब सभासदांचा, म्हणजे त्यांच्या लेखी आपल्या वहीसारखाच, फक्त वही जाड.

पण जाड वहीतही खड्डा पडतोच. 2013 ला ड्युरंड कप, 2014 ला आयएफए शिल्ड जिंकून त्याच वर्षी ऑक्टोबरात पैशांअभावी सीनियर टीम बंद करत असल्याचं क्लबने जाहीर केलं. सावरला. 2024 ला आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये गेला, आणि 2025 च्या जानेवारीत पगार थकले म्हणून खेळाडू सरावाला येईनात. म्हणजे चाचांचं म्हणणं अर्धंच खरं. चंद्याचा क्लबही उपाशी राहतो. पण मालकाच्या एका सहीने तो मिटत नाही, हा फरक मला अजून मोठा वाटतो.

चाचा गेल्यावर वही माझ्याकडे आली. शेवटच्या पानावर बाकीदारांची नावं आहेत, त्यात माझंही. आता कौसापासून कल्याणपर्यंत टर्फ झाली आहेत. पोरं तासाचे पैसे भरून खेळतात. टर्फवाला आगाऊ घेतो.