जिवाच्या बदल्यात जीव : हिमगौरी ते ‘द बनियन डिअर’

लोककथेवरील अभिजात ॲनिमेशनपटाचा विषय निघाला की आपण बहुधा डिस्नेच्या १९३७ मधील ‘स्नो व्हाइट’पाशी, म्हणजे आपल्या हिमगौरीपाशी थांबतो. त्या चित्रपटाचा एक धागा मुंबईपर्यंत आणि तेथून जातककथेपर्यंत पोहोचतो, हे रूपांतराचा पाठ शिकवणाऱ्या आमच्याही उशिराच ध्यानात आले.

हा धागा म्हणजे क्लेअर वीक्स. भारतात मिशनरी कुटुंबात जन्मलेल्या या चित्रकाराने डिस्नेकडे ‘स्नो व्हाइट’ आणि ‘बॅम्बी’ (१९४२) या चित्रपटांवर काम केले होते. १९५६ मध्ये अमेरिकी तांत्रिक साहाय्य योजनेतून तो मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये ॲनिमेशन शिकवायला आला. आपल्याकडे पाटी कोरी नव्हती. दादासाहेब फाळक्यांची ‘आगकाड्यांची मौज’ १९१५ ची, तर पुण्याच्या ‘प्रभात’चा ‘जंबूकाका’ १९३४ चा. मात्र संस्थेच्या छत्राखाली सलग प्रशिक्षण सुरू झाले ते येथे. जी. के. गोखले, राम मोहन ही नावे याच विभागाशी जोडलेली आहेत. १९५७ मध्ये या विभागाचा ‘द बनियन डिअर’ आला. त्याचा आधार न्यग्रोधमृग जातक. न्यग्रोध म्हणजे वड.

या दोन कथा शेजारी ठेवल्या की एक साम्य दिसते. दोन्हींत कोणाचा तरी जीव वाचतो आणि त्याच्या जागी दुसरा जीव पुढे येतो. ग्रिम बंधूंच्या कथेत (१८१२) शिकारी मुलीला सोडून देतो आणि रानडुकराच्या पिल्लाचे काळीज व फुप्फुसे राणीपुढे ठेवतो. डिस्नेने राणीच्या हाती पेटी दिली आणि तीत डुकराचे हृदय ठेवले. मुलगी वाचली या आनंदात त्या जनावराची आठवण कोणाला राहत नाही; कथा त्याला वाचा देत नाही.

जातकात वाचा आहे ती जनावरालाच. वाराणसीच्या राजाच्या पाकशाळेसाठी दोन कळपांतून पाळीपाळीने रोज एक हरीण जायचे, असा करार असतो. शाख नावाच्या मृगराजाच्या कळपातील गाभण हरिणीची पाळी येते. ‘दोन जीव आहेत, पाळी पुढे ढकला’ ही तिची विनवणी शाख धुडकावतो. मग दुसऱ्या कळपाचा राजा, न्यग्रोधमृग, स्वतः ठोकळ्यावर मान ठेवतो. येथे बदली जीव पकडून आणलेला नाही, तो स्वतःहून आला आहे.

यावरून ‘आपली कथा थोर, त्यांची क्रूर’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. आम्हांला तो मान्य नाही. ग्रिमची कथा एका निराधार पोरीच्या बाजूने उभी राहते, आणि जातकातला राजाही आधी रोज एक हरीण खातच असतो. फरक आहे तो दृष्टिकोनाचा: कथा कोणाच्या डोळ्यांनी पाहते? रूपांतराच्या अभ्यासात तंत्राआधी हा प्रश्न यायला हवा. वीक्सने हात शिकवले. कोणाच्या बाजूने पाहायचे, हे मात्र निवडलेल्या कथेनेच ठरवले.

शिरूर आणि दौंड येथील आमच्या वर्गांत हिमगौरी सर्वांना ठाऊक असते, न्यग्रोधमृग जवळजवळ कोणालाच नाही. ही गोष्ट सांगून झाल्यावर एका शेतकऱ्याच्या मुलाने विचारले, “सगळ्या हरणांना अभय दिलं, मग पिकाचं काय?” सुप्याचे चिंकारांचे मयूरेश्वर अभयारण्य दौंडपासून दूर नाही आणि शिरूरच्या उसात बिबट्या वावरतो, त्या वर्गात हा प्रश्न पुस्तकी नव्हता.

जातककाराला तो सुचला होता. अभय मिळालेली हरणे पिके खाऊ लागतात, राजाज्ञेमुळे शेतकऱ्यांना त्यांना हाकलताही येत नाही. तेव्हा मृगराज कळपाला समज देतो आणि शेतकरी बांधावर पानांची खूण बांधतात. त्या खुणेपलीकडे हरीण जात नाही.

हिमगौरीची कथा राजपुत्रापाशी संपते. ही कथा बांधापाशी येऊन थांबते, आणि आमच्या विद्यार्थ्यांना बांध म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही.